दार लागल्यावर सुरू होणारे भुंकणे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार सातत्याने असते. घरातली माणसे बाहेर पडली की कुत्रा भुंकायला लागतो आणि ती परत येईपर्यंत थांबत नाही. पत्रे वेगवेगळ्या घरांतून येतात, कुत्रेही वेगवेगळ्या वयांचे असतात, पण शेवटी प्रश्न एकच असतो, ‘त्याची ही खोड कशी मोडावी?’ मला या ‘खोड’ शब्दापासूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण एकटेपणी भुंकणारा कुत्रा सहसा खोडसाळपणा करत नसतो. तो घाबरलेला असतो, कंटाळलेला असतो, किंवा आपल्या समजुतीप्रमाणे घराची राखण करत असतो. या तिन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर भुंकणे कमी होण्याऐवजी वाढते. म्हणून या वेळी संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो. आमचा कुत्रा तीन वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना आम्ही त्याला प्राण्यांच्या निवाऱ्यातून घरी आणले. आधीच्या घरात तो एकटा नीट राहत असे. चार महिन्यांपूर्वी आम्ही घर बदलले आणि तेव्हापासून आमची पाठ वळली की तो भुंकतो, गळा काढून रडतो, असे शेजारी सांगतात. मुख्य दाराच्या चौकटीचे लाकूड त्याने खालच्या बाजूने कुरतडले आहे. परत आल्यावर आम्ही रागावलो की तो मान खाली घालतो, म्हणजे आपली चूक त्याला कळते. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काय करावे?

उत्तर : प्रथम त्या खाली घातलेल्या मानेविषयी, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. कुत्रा एखादी कृती आणि तिचा परिणाम यांचा संबंध जोडतो तो त्याच क्षणी, फार तर पुढच्या एक-दोन सेकंदांत. सकाळी कुरतडलेल्या चौकटीबद्दल संध्याकाळी बोलणी बसली, तर त्याला एवढेच उमजते की तुम्ही दारातून आत येता तेव्हा रागावलेले असता. २००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने या ‘अपराधी चेहऱ्या’वर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाच्या माघारी कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला होता की नाही, याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे, आणि ज्याने खाऊला तोंडही लावले नव्हते अशा कुत्र्याचाही तसाच होई. तुमच्या कुत्र्याची खाली गेलेली मान ही तुमचा राग निवावा म्हणून केलेली विनवणी आहे. एकटे पडण्याची भीती त्याला आधीच आहे, तिच्यात तुमच्या परत येण्याच्या भीतीची भर पडली तर भुंकणे वाढणारच. तेव्हा रागावणे आजपासून पूर्णपणे थांबवा.

त्यानंतरचे पहिले काम म्हणजे पाहणे. शेजाऱ्यांना काय ऐकू येते ते तुम्हाला ठाऊक आहे, पण कुत्रा प्रत्यक्षात काय करतो ते ठाऊक नाही. एखादा जुना मोबाइल फोन अशा ठिकाणी ठेवा, की दार आणि कुत्र्याची नेहमीची बसायची जागा अशा दोन्ही गोष्टी दिसतील. चित्रीकरण निघण्याच्या बरेच आधी सुरू करा, म्हणजे फोन ठेवणे ही त्याच्या दृष्टीने तुमच्या जाण्याची आणखी एक खूण ठरणार नाही, आणि ते निदान अर्धा-पाऊण तास चालू राहू द्या. कंटाळलेला कुत्रा बहुधा आधी एक झोप काढतो, मग केव्हातरी उठून उशी, चप्पल, जे तोंडाला लागेल ते फाडायला घेतो, मधूनच भुंकतो आणि पुन्हा आडवा होतो. घाबरलेल्या कुत्र्याचे चित्र वेगळे असते. माझ्याकडे आलेल्या अशाच एका चित्रफितीत दार लागल्यावर कुत्रा काही क्षण नुसता उभा होता. मग त्याने उंबऱ्याशी नाक नेऊन दाराखालच्या फटीतून दोन-तीन लांब श्वास घेतले, पाण्याच्या भांड्यापर्यंत गेला आणि पाणी न पिताच परत आला. दुसऱ्या मिनिटाला त्याला धाप लागली, चौथ्या मिनिटाला मान वर करून त्याने गळा काढला, आणि दहाव्या मिनिटाला दारापुढच्या पायपुसण्यावर लाळेचा ओला डाग स्पष्ट दिसत होता. मालकिणीने निघताना ठेवलेला त्याचा आवडता खाऊ तसाच पडून होता. ती परत आल्यावर मात्र दोन मिनिटांत त्याने तो संपवला. हा कुत्रा हट्टी नव्हता. माणसाला धडकी भरावी तशी त्याला भरली होती.

या अवस्थेला पशुवैद्यकात सेपरेशन अँक्झायटी म्हणतात. धाप, लाळ, येरझाऱ्या, खाण्याला तोंड न लावणे, एरवी घरात कधी घाण न करणाऱ्या कुत्र्याने लघवी किंवा शी करणे, आणि बाहेर पडण्याच्या वाटेचीच, म्हणजे दाराची किंवा खिडकीची, नासधूस करणे या तिच्या ठळक खुणा आहेत, आणि त्या बहुतेक वेळा दार लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच दिसू लागतात. तुमच्या कुत्र्याने दाराची चौकट कुरतडली आहे आणि त्रास घर बदलल्यावर सुरू झाला आहे, यावरून माझा कल याच निदानाकडे आहे; तरी चित्रफीत पाहिल्याशिवाय आणि पशुवैद्याकडून एकदा पूर्ण तपासणी करून घेतल्याशिवाय ते पक्के धरू नये.

उपचाराचे सूत्र सोपे आहे, अंमल अवघड आहे. कुत्र्याला जितका वेळ भीती न वाटता एकटे राहता येते, तितकाच वेळ त्याला एकटे ठेवायचे आणि तो वेळ हळूहळू वाढवत न्यायचा. याचा अर्थ असा की, हा अभ्यास चालू असेपर्यंत त्याला आठ-आठ तास कोंडून जाणे थांबवावे लागते. हे ऐकून बरेच पालक निराश होतात, आणि त्यांची अडचण मला कळते. पण सकाळी दहा सेकंदांचा धीर शिकवायचा आणि दुपारभर त्याला भीतीत सोडायचे, असे केले तर सकाळचा धडा पुसला जातो. दोघांच्या कामाच्या वेळा पुढे-मागे करता येतात का, घरून काम करण्याचे काही दिवस मिळतात का, एखाद्या आप्ताकडे, ओळखीच्यांकडे किंवा दिवसभर कुत्रे सांभाळणाऱ्या चांगल्या ठिकाणी त्याला ठेवता येते का, हे बघा. दिलासा इतकाच की बऱ्याच कुत्र्यांना तुम्हीच हवे असता असे नाही. ओळखीचे कोणी माणूस जवळ असले तरी त्यांना पुरते. ही व्यवस्था कायमची नसते, काही आठवड्यांची किंवा महिन्यांची असते.

अभ्यासाची सुरुवात दारापासून नव्हे, चाव्यांपासून होते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना खाणे समोर येण्याआधी, ते येत असल्याच्या खुणेनेच लाळ सुटत असे; तसे तुमच्या कुत्र्याला दार उघडण्याच्या कितीतरी आधी, चाव्यांचा आवाज झाला किंवा तुम्ही बूट घातले की कापरे भरत असणार. म्हणून दिवसातून अनेकदा चाव्या उचला आणि पुन्हा ठेवून द्या. बूट घाला आणि वर्तमानपत्र वाचत बसा. पिशवी खांद्याला लावून स्वयंपाकघरात जा. या गोष्टींवरून काहीच घडत नाही हे त्याला उमगले, की तो मान वर करून पाहण्याचेही सोडून देतो, आणि मगच पुढे जायचे.

पुढची पायरी दाराची. पहिल्या दिवशी नुसता कडीला हात लावून परत या. मग दार उघडून लगेच बंद करा. मग उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकून आत या. मग दार ओढून घ्या आणि त्याच श्वासात उघडा. तिथून पुढे तीन सेकंद, पाच सेकंद, दहा सेकंद. वेळ शिडीसारखा सतत चढवू नका, कारण प्रत्येक खेप आधीपेक्षा लांब असते हेही कुत्रा हेरतो. वीस सेकंदांनंतर पाच, मग तीस, मग बारा, असा खाली-वर ठेवा. दिवसाला एकदा, वीस-पंचवीस मिनिटे पुरेत, आणि आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी द्यावी. बाहेर उभे असताना फोनवर आतले दृश्य पाहत राहा. भुंकणे ही शेवटची पायरी आहे; त्याआधी तो ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, एक पाय उचलून ताठ उभा राहतो, कान दाराकडे लावून स्थिर होतो. हे दिसले की आत या आणि पुढची खेप आखूड करा.

इथे एक जुना सल्ला खोडून काढणे मला आवश्यक वाटते. ‘तो भुंकत असताना आत शिरू नका, नाहीतर भुंकल्यावर तुम्ही येता असे तो शिकेल’, असे सर्रास सांगितले जाते. मागण्यासाठी भुंकणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ते खरे आहे. धडकी भरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र तो गप्प होण्याची वाट पाहत बाहेर थांबणे म्हणजे भीती आणखी खोल रुजू देणे होय. भीती ही बक्षीस देऊन वाढणारी वागणूक नाही. आत या, त्याला सावरू द्या, आणि चूक आपल्या हिशेबात झाली असे समजून वेळ कमी करा. निघताना आणि परतल्यावर निरोपाचा किंवा भेटीचा सोहळा नको, पण अर्धा तास त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, हाही अतिरेक आहे; साध्या आवाजात दोन शब्द बोलावेत, एकदा हात फिरवावा.

पहिला अर्धा तास गाठायला सर्वांत जास्त दिवस लागतात. काही कुत्र्यांना पहिले पूर्ण मिनिट मिळवायलाच दोन-तीन आठवडे जातात, आणि तेवढ्यात पालकांचा धीर सुटतो. पाऊण-एक तास तो शांत राहू लागला की मात्र पुढचे तास बरेच भराभर जोडता येतात.

प्रश्न : आमच्या कुत्रीला हाच त्रास आहे आणि डॉक्टरांनी रोजची गोळी सुचवली आहे. ती गुंगीत पडून राहील, तिचा स्वभाव बदलेल, अशी भीती वाटते. गोळीशिवाय चालणार नाही का?

उत्तर : सौम्य त्रासात नुसत्या सरावाने चालते. पण कुत्री काही सेकंदही एकटी राहू शकत नसेल, दारावर नखे मोडून घेत असेल, तर सराव सुरू करायला जागाच उरत नाही, आणि ती जागा औषध करून देते. या त्रासासाठी फ्लुऑक्सेटीन आणि क्लोमिप्रामीन ही दोन औषधे जगभर वापरली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोहोंना कुत्र्यांतील याच विकारासाठी, वागणुकीच्या प्रशिक्षणाच्या जोडीने देण्याची, मान्यता दिलेली आहे. ‘जोडीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण गोळी भीतीची धार कमी करते, एकटे राहायला शिकवत नाही.

ही गुंगीची औषधे नव्हेत. सुरुवातीला काही दिवस भूक मंदावणे, सुस्ती, पोट बिघडणे असे होऊ शकते, ते डॉक्टरांना कळवावे. पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून दहा दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटते म्हणून अचानक थांबवूही नयेत. मात्रा हळूहळू उतरवावी लागते. गोचिडांसाठी अमिट्राझ असलेला पट्टा किंवा औषध वापरत असाल तर ते आधी सांगा, कारण या गोळ्यांबरोबर ते चालत नाही. घरात कुणा माणसासाठी आणलेली गोळी अंदाजाने तोडून देणे धोक्याचे आहे. आणि कोणी फक्त झोपेचे, अंग ढिले करणारे औषध सुचवले, तर त्याबद्दल अवश्य प्रश्न विचारा: शरीर निपचित आणि मन मात्र घाबरलेले, अशा स्थितीत कुत्रीला पाडून काय साधणार?

प्रश्न : आमचा कुत्रा खिडकीशी बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकावर भुंकतो. जिन्यात पाऊल वाजले तरी भुंकतो. आम्ही घरी असतानाही भुंकतो, पण ‘पुरे’ म्हटले की थांबतो. आम्ही नसताना थांबवणारे कोणी नसते. खाणेपिणे, झोप सारे व्यवस्थित आहे.

उत्तर : तुमचा कुत्रा घाबरलेला नाही, कामावर आहे. टपालवाला येतो, हा भुंकतो, टपालवाला निघून जातो. तो आपल्या कामासाठी निघून गेला हे कुत्र्याला कोण सांगणार? आपण भुंकलो म्हणून तो पळाला, असा त्याचा रोजचा अनुभव आहे, आणि दिवसातून वीसदा मिळणाऱ्या अशा यशापुढे तुमचे ‘पुरे’ फिके पडते. आवाजातही हा फरक उतरतो. सोफिया यिन आणि ब्रेंडा मॅककोवन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाराच्या घंटेवर भुंकणाऱ्या कुत्र्यांचा आवाज खालच्या पट्टीतला आणि खरखरीत आढळला, तर एकटे ठेवलेल्या कुत्र्यांचा उंच पट्टीतला आणि अधिक चढउतारांचा.

उपाय मुख्यतः घराच्या मांडणीचा आहे. खिडकीच्या खालच्या भागाला धूसर कागद लावा, खिडकीखालची ती खुर्ची किंवा दिवाण तिथून हलवा, आणि तुम्ही नसताना त्याची जागा दारापासून दूरच्या खोलीत करा. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. त्यामुळे जी चाहूल आपल्या लेखी नसतेच तीही त्याला ऐकू येते. पंख्याचा एकसुरी आवाज किंवा बेताच्या आवाजातले शांत संगीत जिन्यातली पावले झाकायला मदत करते, मात्र ते तुम्ही घरी असतानाही मधून मधून लावत जा, नाहीतर तेच तुमच्या जाण्याची खूण बनेल. घंटेचा आवाज ध्वनिमुद्रित करून अगदी हळू वाजवावा आणि प्रत्येक वेळी एक छोटा तुकडा खायला द्यावा, व आवाज दिवसेंदिवस किंचित वाढवावा. घंटा म्हणजे शत्रू, हे समीकरण असे सैल होते.

निघण्याआधीचे फिरणेही बदलून पाहा. नुसते भरभर चालवून आणण्यापेक्षा पट्टा सैल सोडून त्याला मनसोक्त हुंगू द्या. हुंगणे हे त्याचे वाचन आहे, आणि अर्धा तास हुंगून आलेला कुत्रा जितका निवांत झोपतो तितका धावून आलेला झोपेलच असे नाही. सकाळच्या खाण्याचा काही भाग पोकळ रबरी खेळण्यात भरून किंवा जुन्या टॉवेलच्या गुंडाळ्यांत लपवून द्या. त्यात चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि झायलिटॉल हा गोडवा घातलेला कोणताही पदार्थ असता कामा नये. हे सारे कुत्र्यांना विषारी आहे, आणि शेंगदाण्याच्या काही तयार लोण्यांत झायलिटॉल असते, म्हणून डब्यावरचा मजकूर वाचूनच वापरावे.

प्रश्न : भुंकले की आपोआप हलका विजेचा झटका देणारा पट्टा मिळतो. शेजाऱ्यांच्या तक्रारींनी आम्ही टेकीला आलो आहोत. काही दिवस वापरून पाहावा का? निदान तोंडाला मुसके बांधून जावे का?

उत्तर : नाही, दोन्ही नको. भीतीने भुंकणाऱ्याला झटका बसला, तर एकटे असताना वेदना होते हे त्याला नव्याने कळते. काही कुत्रे गप्प होतात हे खरे, पण गप्प होऊन ते पंजे चाटून चाटून जखमा करतात, थरथरत कोपऱ्यात बसतात, आणि पालक मात्र उपाय लागू पडला असे समजतात. विजेच्या पट्ट्यांवर वेल्सने २०१० मध्येच बंदी घातली. उग्र वासाचा फवारा मारणारा पट्टा तुलनेने सौम्य वाटतो, पण त्याचेही काम शिक्षेचेच आहे. मुसक्याचा धोका आणखी वेगळा आहे. कुत्रा शरीरातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो, आणि तोंड आवळून बांधले की ते दारच बंद होते. शिवाय ओकारी झाली तर ती घशात अडकू शकते. कोणतेही मुसके घालून कुत्र्याला एकट्याला सोडू नये.

याच ओघात पिंजऱ्याबद्दलही सांगते. लहानपणापासून सवय असलेल्या कुत्र्याला पिंजरा गुहेसारखा वाटतो आणि तो आपणहून त्यात जाऊन झोपतो. घाबरणाऱ्या कुत्र्याला मात्र त्यात कोंडले, तर तो गजांवर दात आणि नखे तोडून घेतो. अशा दोन कुत्र्यांच्या तुटलेल्या सुळ्यांवर उपचार होताना मी जवळून पाहिले आहे, आणि दोन्ही पालकांनी ‘फर्निचर वाचावे म्हणून’ हेच कारण सांगितले होते.

प्रश्न : त्याला सोबत म्हणून दुसरा कुत्रा आणावा का?

उत्तर : तुम्हाला दुसरा कुत्रा मनापासून हवा असेल तर जरूर आणा, या दुखण्यावरचे औषध म्हणून आणू नका. त्याला माणसाची उणीव भासते, आणि ती दुसरा कुत्रा बहुधा भरून काढत नाही. कधी कधी पहिल्याचे पाहून दुसराही रडू लागतो. आणायचाच असेल तर आधी एखाद्या परिचितांचा शांत कुत्रा एक-दोनदा घरी ठेवून, तुम्ही नसतानाचे चित्रीकरण करून पाहा.

प्रश्न : आमचे पिल्लू तीन महिन्यांचे आहे. न्हाणीघरात गेले तरी दाराशी कुईकुई करते. रात्री वेगळ्या खोलीत ठेवले तर तासभर रडते. ‘रडू द्या, आपोआप सवय होईल’ असे सगळे सांगतात. पुढच्या महिन्यात माझी सुट्टी संपते.

उत्तर : सगळ्यांचे ऐकू नका. तीन महिन्यांचे पिल्लू काही आठवड्यांपूर्वीपर्यंत आई आणि भावंडांच्या उबेत झोपत होते. एकटे पडल्यावर हाक मारणे हे त्याच्या जिवंत राहण्याचे साधन आहे. रडून रडून ते थकते आणि झोपते, त्याला आपण सवय म्हणतो. रात्री त्याचे अंथरूण काही आठवडे तुमच्या खाटेजवळ ठेवा, हात खाली सोडला तर लागेल इतके जवळ, आणि मग रोज थोडे थोडे दाराकडे सरकवा.

दिवसा मात्र एकटेपणाचे लहान घोट आतापासूनच द्यायला हवेत. घरात असूनही सतत मांडीवर, सतत पायात, असे होऊ देऊ नका. ते पोटभर खाऊन, खेळून, लघवी करून पेंगुळले असताना, चघळायला काहीतरी देऊन, दुसऱ्या खोलीत जा आणि एका मिनिटात परत या. न्हाणीघराचे दार आधी उघडे, मग लोटलेले, मग क्षणभर बंद, असे करत जा. झोपून उठल्यावर किंवा भूक लागलेली असताना हा सराव करू नका, तेव्हा ते रडते ते वेगळ्या कारणाने.

सुट्टीचे गणित आधीच नीट मांडा. या वयात लघवी धरून ठेवण्याची ताकदच कमी असते. महिन्यांत जितके वय तितके तास, फार तर एखादा अधिक, असा ढोबळ हिशेब धरतात, आणि दिवसा तेवढेही ताणू नये. म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाला तुमचा कामाचा पूर्ण दिवस एकट्याने काढणे शरीरानेच शक्य नाही. मधल्या वेळी कोणीतरी येऊन त्याला बाहेर नेईल, खाऊ घालेल, ही सोय सुट्टी संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा, म्हणजे त्या माणसाचीही ओळख होईल.

प्रश्न : आमची कुत्री तेरा वर्षांची आहे. आयुष्यभर ती एकटी आनंदाने राहिली. गेल्या दोन महिन्यांपासून आम्ही बाहेर पडलो की भुंकते, आणि आता मध्यरात्रीही उठून भिंतीकडे तोंड करून भुंकते.

उत्तर : प्रशिक्षणाचा विचार नंतर करू, आधी तिला डॉक्टरांकडे न्या. उतारवयात अचानक सुरू झालेल्या भुंकण्यामागे बहुधा शारीरिक कारण निघते. सांधे दुखत असतील, ऐकू किंवा दिसू कमी येत असेल, मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा मधुमेहाने वारंवार लघवी लागत असेल आणि बाहेर नेणारे कोणी घरात नसेल. रक्त आणि लघवीची तपासणी, रक्तदाब, दात आणि सांधे, हे सर्व पाहून घ्या. भिंतीकडे पाहून भुंकणे, ओळखीच्या खोलीत वाट चुकणे, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभे राहून ते उघडण्याची वाट पाहणे, रात्रीचा दिवस होणे, अशा गोष्टी दिसत असतील तर मेंदूच्या वार्धक्याने होणाऱ्या स्मृतिभ्रंशाची शक्यता असते. तो पूर्ण बरा होत नाही, पण आहार आणि औषधांनी बऱ्याच जणांचे दिवस सुसह्य होतात.

घरात खाटा, कपाटे यांची जागा बदलू नका. रात्री तिच्या वाटेवर मंद दिवा ठेवा, फरशीवर घसरणार नाही असे जाजम अंथरा, झोपण्यापूर्वी उशिरा एकदा बाहेर नेऊन आणा, आणि तिला ऐकू येत नसेल तर जाताना चोरपावलांनी निघू नका. तिच्या खांद्यावर हात ठेवून, तिने पाहिल्यावर जा. जाग आल्यावर रिकामे घर सापडणे, हीच तिच्या भुंकण्याची सुरुवात असू शकते. एरवी ज्यांना मी ‘दिवसभर घरात कोणीतरी असू द्या’ असे सांगताना काही आठवड्यांची मर्यादा घालते, त्यांच्यात मी तुम्हाला धरणार नाही. तेरा वर्षांच्या कुत्रीला शक्य तितकी सोबत द्या.

प्रश्न : मी कुत्रा पाळत नाही. शेजारच्या घरातला कुत्रा सकाळी साडेनऊपासून भुंकतो. माझी आई आजारी आहे, तिला दुपारी झोप मिळत नाही. शेजाऱ्यांना दोनदा सांगितले, ते म्हणतात, ‘आम्ही असतो तेव्हा तो कधीच भुंकत नाही.’ मी भिंतीवर ठोकते, तेव्हा तो जास्तच भुंकतो.

उत्तर : तुमचे शेजारी खोटे बोलत नसावेत. ते असताना तो भुंकत नाही, हाच तर या त्रासाचा स्वभाव आहे, आणि त्यांनी तो कधी ऐकलेलाच नाही. म्हणून त्यांना तक्रारीऐवजी नोंद द्या. एक आठवडाभर कागदावर लिहा: ते किती वाजता बाहेर पडले, भुंकणे किती मिनिटांनी सुरू झाले, किती वेळ सलग चालले, मध्ये थांबले का, रडल्यासारखा आवाज होता की कोणाच्या चाहुलीवर भुंकल्यासारखा. दोन-तीन वेळा फोनवर आवाज मुद्रित करा. ही नोंद त्यांनी पशुवैद्याला दाखवली तर अर्धे निदान तिथेच होते. भिंतीवर ठोकणे थांबवा. आतल्या कुत्र्याला ते धोक्याचे वाटते, आणि तुमचा राग रास्त असला तरी त्याचा उपयोग उलटा होतो.

आईंच्या झोपेची वेळ शेजाऱ्यांना नेमकी सांगा, ‘दुपारी त्रास होतो’ असे मोघम नको. दिवसभराची सोय त्यांना लगेच जमणार नाही, पण दुपारचे दोन तास कुत्र्याला कोणाकडे तरी ठेवणे बहुधा जमते. तोपर्यंत आईंची खाट त्या भिंतीपासून दूरच्या खोलीत हलवा आणि सामाईक भिंतीला कपड्यांचे भरलेले कपाट लावा, त्याने आवाज काहीसा दबतो. पहिल्या उत्तरातला दाराचा सराव करायला शेजारी तयार झाले, तर ते दाराबाहेर उभे राहून सेकंद मोजत असतील त्या दिवसांत जिन्यात त्यांच्याशी बोलायला थांबू नका. तुमचा आवाज ऐकून कुत्रा दाराशी येतो आणि त्यांची ती खेप वाया जाते.